जुन्या बँडचा नवा गायक कसा पारखावा

एखाद्या नावाजलेल्या रॉक बँडचा गायक मरण पावला, निवृत्त झाला किंवा फारकत घेऊन गेला आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला, की श्रोत्यांमध्ये एकच गोंधळ पुन्हापुन्हा दिसतो. नव्याचा आवाज जुन्यासारखा असला तर त्याला नक्कल म्हटले जाते, नसला तर बँडच राहिला नाही अशी तक्रार होते, आणि या ओढाताणीत त्या संध्याकाळी समोरचा माणूस प्रत्यक्षात कसा गायला हा साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. त्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याची रीत येथे मांडली आहे. मुख्य आधार ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा घेतला आहे, कारण 24 नोव्हेंबर 1991 रोजी फ्रेडी मर्क्युरीचे निधन झाल्यानंतर पॉल रॉजर्स आणि ॲडम लँबर्ट हे अगदी भिन्न प्रकृतीचे दोन गायक त्याच गाण्यांना सामोरे गेले आणि तिघांच्याही जाहीर कार्यक्रमांची अधिकृत ध्वनिमुद्रणे उपलब्ध असल्याने तुलना ऐकीव मतांवर न सोडता कानाने करता येते. मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच शाळकरी मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला, म्हणून मराठी वाचकाला त्याच्याविषयी थोडी जास्तच आपुलकी असते; पारख करताना ती बाजूला ठेवावी, हे बरे.

प्रथम नाते ओळखावे

नवा गायक बँडमध्ये कोणत्या नात्याने आला आहे, हे ठरवल्याखेरीज त्याला कोणते माप लावायचे ते ठरत नाही. साधारणपणे तीन प्रकार दिसतात.

- तात्पुरता बदली गायक. ऐकण्याची शक्ती कायमची जाण्याचा धोका उद्भवल्यामुळे 2016 मध्ये ‘एसी/डीसी’च्या ब्रायन जॉन्सनला दौरा अर्ध्यावर थांबवावा लागला आणि उरलेले कार्यक्रम ‘गन्स एन’ रोझेस’च्या ॲक्सल रोझने पार पाडले. अशा गायकाकडून दौरा सावरण्याची अपेक्षा धरावी, बँडला नवे वळण देण्याची नव्हे.
- कायमचा वारसदार. हाच ब्रायन जॉन्सन 1980 मध्ये बॉन स्कॉटच्या मृत्यूनंतर त्याच बँडमध्ये आला होता. ‘जर्नी’ या अमेरिकी बँडने 2007 मध्ये मनिलाच्या आर्नेल पिनेडाला यूट्यूबवरील चित्रफितींवरून शोधून काढले, तेही याच प्रकारातले. येथे जुनी गाणी निभावणे आणि नव्या गाण्यांना स्वतःचा आवाज देणे, अशी दोन्ही मापे लागू होतात.
- स्वतःच्या नावासह आलेला जोडीदार. क्वीनने 2004 पासून पॉल रॉजर्ससोबत आणि पुढे लँबर्टसोबत जे कार्यक्रम केले, त्यांच्या जाहिरातीत बँडच्या नावापुढे अधिकचे चिन्ह देऊन गायकाचे नाव स्वतंत्र छापले गेले. यात हा गायक मर्क्युरीच्या जागी आलेला नाही, सोबत आलेला आहे, हे बँडने स्वतःच सांगितलेले असते, त्यामुळे ‘हा फ्रेडी नाही’ ही तक्रार जाहिरात नीट न वाचल्याची कबुली ठरते.

तुलना कार्यक्रमाची कार्यक्रमाशी करावी

सर्वांत मोठी चूक येथे होते. श्रोत्याच्या कानात मूळ गायकाचे स्टुडिओतील गाणे वर्षानुवर्षे मुरलेले असते आणि त्याच्याशी नव्या गायकाच्या मैदानावरील गायनाची तुलना केली जाते, पण स्टुडिओत एक ओळ अनेकदा गाऊन त्यांतील उत्तम ती ठेवता येते, एकाच माणसाचे आवाज एकावर एक चढवून त्याच्याच कंठाचा समूह उभा करता येतो, आणि तिसऱ्या गाण्यानंतर दम लागण्याचा प्रश्नच तेथे येत नाही. या मापाने पाहिले तर खुद्द मर्क्युरीही उणा ठरेल. त्याला स्वरयंत्रावरील गाठींचा त्रास होता आणि जाहीर कार्यक्रमांत ‘वुई आर द चॅम्पियन्स’सारख्या गाण्यांतील तारसप्तकातल्या जागा तो पुष्कळदा खाली वळवून घेत असे, तर काही ठिकाणी सर्वांत वरचा स्वर ढोलवादक रॉजर टेलर सांभाळत असे. त्यामुळे लँबर्ट जेव्हा तीच जागा ध्वनिमुद्रिकेप्रमाणे वर चढून घेतो, तेव्हा ती मूळ गायकाने रंगमंचावर कितीदा घेतली होती हे तपासल्याशिवाय ‘यात काय विशेष’ असे म्हणता येत नाही. उलट बाजूही आहे. वर चढता येते म्हणून प्रत्येक वेळी वर चढणे हा गुण नव्हे, आणि लँबर्टच्या गायनावर अलंकाराचा अतिरेक होतो हा आक्षेप काही गाण्यांच्या बाबतीत रास्त आहे.

तयारीसाठी आपण पुढील क्रम ठेवावा. मर्क्युरीसाठी नोव्हेंबर 1981 मधील माँट्रियलचे आणि जुलै 1986 मधील वेम्बलीचे ध्वनिमुद्रण ऐकावे. रॉजर्ससाठी 2005 चे ‘रिटर्न ऑफ द चॅम्पियन्स’ आणि लँबर्टसाठी 2020 चे ‘लाइव्ह अराउंड द वर्ल्ड’ घ्यावे. शेवटचा संग्रह वेगवेगळ्या ठिकाणच्या कार्यक्रमांतून निवडून केलेला असल्याने त्यावरून गायकाची उंची कळते, एका रात्रीचे सातत्य मात्र कळत नाही. तिघांची मिळून दोन-तीन समान गाणी निवडली तरी पुरेसे होते. सगळा संग्रह पालथा घालण्याची गरज नाही.

काही गाण्यांना असे मापच नसते. मर्क्युरीचा क्वीनबरोबरचा शेवटचा कार्यक्रम 9 ऑगस्ट 1986 रोजी इंग्लंडमध्ये नेबवर्थ येथे झाला, तेव्हा 1989 च्या संग्रहातील ‘आय वॉन्ट इट ऑल’ आणि 1991 च्या संग्रहातील ‘द शो मस्ट गो ऑन’ ही गाणी त्याने श्रोत्यांसमोर कधीच गायली नाहीत. दुसरे गाणे तर बँडने 1992 च्या वेम्बलीतील श्रद्धांजली कार्यक्रमात एल्टन जॉनला दिले होते. अशा गाण्यांत नंतरच्या गायकाला रंगमंचावरचा आराखडा स्वतः तयार करावा लागतो, कोठे श्वास घ्यायचा, कोठे आवाज राखून ठेवायचा हे स्वतः ठरवावे लागते, म्हणून त्याच्या कुवतीचा अंदाज ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पेक्षा येथे अधिक खात्रीने बांधता येतो.

त्याच श्रद्धांजली कार्यक्रमात जॉर्ज मायकेलने ‘समबडी टू लव्ह’ असे गायले की बँडने त्यालाच घ्यायला हवे होते असे आजही म्हटले जाते. गायन अप्रतिम होते यात वाद नाही. परंतु एखादे गाणे जिवाच्या आकांताने गाणे आणि दोन-सव्वादोन तासांचा कार्यक्रम महिनोन्‌महिने एका दिवसाआड पेलणे यांसाठी लागणारा दमसास वेगळा असतो आणि पहिल्यावरून दुसऱ्याचा निवाडा करता येत नाही.

पट्टी तपासावी

मराठी श्रोत्याला येथे एक सोय आहे. पेटी किंवा तंबोऱ्याचे मोबाइलवरील ॲप हाताशी असते आणि ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही भाषा अंगवळणी पडलेली असते. मूळ ध्वनिमुद्रणाचा षड्ज शोधून नव्या गायकाच्या कार्यक्रमात तो कोठे आहे हे पाहावे. रॉकमध्ये गिटारच्या सर्व तारा अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने उतरवून घेण्याची पद्धत जुनी आणि सर्रास आहे, मूळ गायकही वय वाढल्यावर तिचा आधार घेतात, त्यामुळे पट्टी उतरवली म्हणजे गायक कच्चा असा निष्कर्ष काढू नये. उतरवलेल्या पट्टीत गाणे खुलते की मलूल पडते, एवढेच पाहावे.

पट्टी न बदलल्याने होणारे नुकसान अधिक गंभीर असते आणि त्याचा दोष चुकीच्या माणसाच्या माथी बसतो. ‘आयर्न मेडन’मध्ये 1994 साली ब्रूस डिकिन्सनच्या जागी ब्लेझ बेली आला. डिकिन्सनचा आवाज वरच्या पट्टीत सहज फिरणारा, तर बेलीचा खर्जाकडे झुकणारा, भरदार. डिकिन्सनच्या गळ्यासाठी बांधलेली गाणी बेलीला रात्रीमागून रात्री म्हणावी लागली, आवाज फाटला, काही कार्यक्रमही रद्द करावे लागले, आणि 1999 मध्ये डिकिन्सन परतल्यावर बेली वाईट गायक होता असा शिक्का कायमचा बसला. त्या काळच्या मुद्रणांत बेली अनेक ठिकाणी कमी पडतो हे खरे असले तरी गायकाची निवड आणि गाण्यांची पट्टी हे दोन्ही निर्णय बँडचे होते, म्हणून आपण टिपण करताना गायकाचा दोष आणि बँडचा दोष असे दोन रकाने ठेवावेत आणि कोणती नोंद कोणत्या रकान्यात जाते याचा विचार केल्याशिवाय ती करू नये.

तिकीट आणि हक्क

जाहिरातीत कोणाचे नाव आहे, कोणत्या तारखेला गायकबदल जाहीर झाला होता आणि तिकिटाच्या अटींत कलाकार बदलण्याचा अधिकार आयोजकाने राखून ठेवला आहे काय, या तीन गोष्टी पैसे भरण्यापूर्वी वाचाव्यात. केवळ जुन्या बँडची गाणी वाजवणारे श्रद्धांजली-बँड मूळ बँडच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतात, तेव्हा बारीक अक्षरांतील ओळ विशेष पाहावी. ॲक्सल रोझचे नाव जाहीर झाले तेव्हा काही ठिकाणी आयोजकांनी तिकिटाचे पैसे परत घेण्याची मुभा दिली होती; अशी मुभा ठरावीक मुदतीपुरती असते, म्हणून बदल कळताच निर्णय घ्यावा.

भारतात झालेल्या कार्यक्रमाच्या बाबतीत ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 लागू होतो. एका गायकाचे नाव ठळक छापून, न कळवता दुसऱ्याला उभे केले असेल तर दिशाभूल करणारी जाहिरात किंवा सेवेतील त्रुटी या कारणावरून तक्रार करता येते. गायन मनाला भावले नाही, हे मात्र कायद्याच्या दृष्टीने कारण नव्हे. प्रथम आयोजकाला लेखी कळवावे, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करावी, आणि तरीही दाद न मिळाल्यास आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावे. भरलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. जाहिरातीचे छायाचित्र, तिकीट आणि अटींची प्रत जपून ठेवावी, कारण संकेतस्थळावरील मजकूर कार्यक्रमानंतर अनेकदा बदललेला किंवा काढलेला असतो.

जागा आणि वेळ

शक्य असल्यास ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ उभे राहावे, कारण तो स्वतः जे ऐकून आवाजांचा समतोल साधतो तेच तेथे ऐकू येते. अगदी पुढे गेल्यास गिटार आणि ढोल यांखाली गायन बुडते. पहिली दोन-तीन गाणी हिशेबात धरू नयेत, कारण श्रोत्यांनी भरलेल्या मैदानाचा ध्वनी रिकाम्या मैदानावरील चाचणीपेक्षा वेगळा असतो आणि तो सावरायला वेळ लागतो. कानात गाळणीचे बोळे घालावेत, त्याने बारकावे उलट स्पष्ट कळतात.

कानाने काय शोधावे

- सुराची स्थिरता. चुकून निसटलेला एखादा स्वर सोडून द्यावा. गायकाच्या कानातील मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे छोटे यंत्र, बंद पडले तर कसलेला गायकही क्षणभर कणसूर होतो. मात्र दीर्घ स्वराच्या शेवटी सूर दर वेळी खाली घसरत असेल, तर दमसास अपुरा आहे असे समजावे.
- खरखर आणि किंकाळी. रॉकमध्ये आवाज मुद्दाम खरखरीत किंवा फाटका केला जातो आणि हे एक कमावलेले तंत्र आहे. खरी परीक्षा त्यानंतरच्या हळुवार ओळीत होते: आवाज लगेच स्वच्छ लागला तर तंत्र पक्के आहे, घोगरेपणा रेंगाळला तर गळ्यावर ताण आला आहे. ‘लिंकिन पार्क’मध्ये चेस्टर बेनिंग्टनच्या मृत्यूनंतर 2024 मध्ये आलेल्या एमिली आर्मस्ट्राँगच्या बाबतीत हीच कसोटी लावावी. स्त्रीचा आवाज पुरुषासाठी बांधलेल्या गाण्याला शोभतो काय, ही चर्चा बरीच झाली, पण तिच्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही.
- शब्दफेक. शब्दांवरचे वजन, थांबे आणि श्वासाच्या जागा मूळ गायकाशी तंतोतंत जुळत असतील तर ती पाठांतराची खूण आहे. ‘जुडास प्रीस्ट’ने 1996 मध्ये घेतलेला टिम ओवेन्स त्याच बँडची गाणी वाजवणाऱ्या श्रद्धांजली-बँडमधून आला होता, अशा गायकाकडे अचूकपणा असतोच, म्हणून त्याच्याकडून अचूकतेपलीकडचे काय मिळते हे शोधावे.
- शेवटचा तृतीयांश. सुरुवातीच्या एका आणि अखेरच्या एका उंच जागेची तुलना करावी. तासाभराने वरच्या जागा श्रोत्यांकडून म्हणवून घेतल्या जाऊ लागल्या, तर त्यात आपुलकी किती आणि थकवा किती, हे ओळखायला वेळ लागत नाही.

टेप, पडदा आणि मोबाइलवरील चित्रफिती

आधी मुद्रित केलेला आवाज सोडून त्यावर ओठ हलवले जात असल्याचा संशय अनेकांना येतो. तो तपासताना अंतराचा विचार करावा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 100 मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याला तो जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो, तेव्हा दुरून ओठ आणि शब्द जुळले नाहीत यात नवल नाही. मायक्रोफोन तोंडापासून दूर नेल्यावरही आवाज तसाच राहणे किंवा दोन वेगळ्या रात्रींचा तोच श्वास आणि तोच कंप जसाच्या तसा ऐकू येणे, या खुणा अधिक भरवशाच्या आहेत. काही मुद्रणे मात्र फसवणूक नसून संकेत असतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला ऑपेरासारखा भाग स्टुडिओत असंख्य आवाज एकावर एक चढवून केलेला असल्याने क्वीनने तो मर्क्युरीच्या हयातीतही रंगमंचावर टेपवरूनच ऐकवला, त्यामुळे तेथे लँबर्टला दोष देण्याचे कारण नाही.

मोबाइलवरील चित्रफितीवरून निवाडा करणे टाळावे. यंत्र आवाजाची पातळी आपोआप खालीवर करते, खर्जाचा भाग फाटतो, आणि शेजारच्या उत्साही श्रोत्याचा बेसूर गळा गायकाच्या नावावर जमा होतो. शिवाय लोकांना चूकच जास्त पाठवावीशी वाटते. निदान एका गाण्याच्या तीन वेगळ्या रात्रींच्या चित्रफिती पाहिल्याशिवाय मत देऊ नये.

रंगमंचावरील वावर

यासंबंधी थोडेच सांगण्यासारखे आहे. ॲक्सल रोझने मे 2016 मध्ये लिस्बनला पहिला कार्यक्रम मोडलेल्या पायामुळे सिंहासनवजा खुर्चीत बसून केला आणि तरीही तो ऐकण्याजोगा झाला, यावरून धावपळीला द्यायचे महत्त्व ठरवता येईल. महत्त्वाचे ते हे, की मूळ गायकाच्या खास मालकीच्या जागा नवा गायक कशा हाताळतो. क्वीनच्या कार्यक्रमात मर्क्युरीचे श्रोत्यांशी चालणारे सुरांचे सवाल-जवाब पडद्यावर जुन्या चित्रफितीतून दाखवले जातात आणि ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे स्वतः गिटार घेऊन गातो, शेवटी मर्क्युरी पडद्यावर येतो. लँबर्ट त्या वेळी रंगमंचावर नसतो. ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. ती भावविवशतेकडे झुकते असे कोणाला वाटल्यास तो आक्षेप दिग्दर्शनाचा समजावा, गायकाचा नव्हे.

रॉजर्सच्या वेळी निराळे घडले. ‘फ्री’ आणि ‘बॅड कंपनी’ या बँडांतून नाव कमावलेला हा ब्लूज वळणाचा गायक आपली जुनी गाणीही सोबत घेऊन आला, क्वीनची दणकट गाणी त्याच्या गळ्यात चांगली बसली, पण ज्या गाण्यांत नाटकीपणा, विनोद आणि थोडी छचोर ऐट लागते ती त्याच्याकडून कोरडी गेली. कंठ म्हणून तो लँबर्टहून उणा नव्हता, भूमिका म्हणून होता; या दोन गोष्टींची नोंद वेगवेगळी करावी.

नवी गाणी वेगळी मोजावीत

नवा गायक आल्यानंतर रचलेल्या गाण्यांत आधीच्या माणसाची सावली नसते, म्हणून कार्यक्रमात अशी किती गाणी ठेवली आहेत आणि त्यांना श्रोते उठून पाणी प्यायला जातात की थांबतात, हे पाहावे. जॉन्सनकडे ‘बॅक इन ब्लॅक’ होते, रॉजर्सकडे 2008 चे ‘द कॉस्मॉस रॉक्स’ होते, जे फारसे टिकले नाही. लँबर्टने क्वीनसोबत नव्या गाण्यांचा स्टुडिओ संग्रह केलेलाच नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा रकाना कोरा ठेवणेच प्रामाणिक ठरेल. बेलीच्या बाबतीत तो कोरा नाही. त्याच्या काळातील ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ ही गाणी डिकिन्सन परतल्यानंतरही बँडने सोडली नाहीत, जानेवारी 2001 मधील रिओच्या कार्यक्रमात ती डिकिन्सनने गायली आणि ते मुद्रण ‘रॉक इन रिओ’ या नावाने उपलब्ध आहे. बेलीचे मूळ आणि डिकिन्सनचे हे, अशी दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. येथे बदली गायक मूळ ठरतो आणि मूळ गायक बदली, आणि बेलीसाठी बांधलेल्या या गाण्यांतील खालच्या, गंभीर ओळी कोणाच्या गळ्यात अधिक शोभतात याचे उत्तर डिकिन्सनच्या चाहत्यांना वाटते तितके एकतर्फी येत नाही.